निर्माल्याचे गुलाब

दुसऱ्या पेटीतली बुरशीही राखाडी पडलेली दिसली आणि मैथिलीच्या पायाखालची जमीन सरकली.

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या त्या प्रयोगशाळेत पानं कातरणाऱ्या मुंग्यांच्या दोन काचपेट्या होत्या. या मुंग्या पानं स्वतः खात नाहीत. पानांवर बुरशी पिकवतात आणि तिच्यावर जगतात. बुरशी मेली की अख्खं वारूळ उपाशी मरतं. मुंग्यांनी आपल्याच तोंडाने घरात न्यावं आणि उशिरापर्यंत कळू नये, असं संथ विष शोधायचं, हे मैथिलीचं काम. पहिल्या पेटीला विष दिलं होतं, ती ठरल्याप्रमाणे मेली. दुसरी तुलनेसाठी होती, ती निरोगी राहायलाच हवी होती. तिच्याशिवाय प्रयोगाला अर्थ नव्हता, आणि प्रयोगाशिवाय मैथिलीच्या नोकरीला.

तिने पाणी तपासलं, हवेतला ओलावा पाहिला, जंगलातून आणलेली ब्लॅकबेरीची पानं हुंगलीसुद्धा. सगळं ठीक होतं. मग भिंग लावल्यावर बुरशीत अडकलेल्या गुलाबी कडा दिसल्या. गुलाबाच्या पाकळ्यांच्या.

सासरे श्यामकांत नाशिकहून आले होते. रोज पूजा, पूजेला सुपरमार्केटातले गुलाब. निर्माल्य बायोम्युलच्या, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला त्यांचा जीव होईना आणि नेकर नदीत सोडायची सोय नव्हती. तेव्हा हिनेच मोठ्या हौसेने तोडगा काढला होता, "बाबा, माझ्या मुंग्यांना घालते." म्हातारा लहान मुलासारखा खूश झाला. विकतच्या गुलाबांवर बुरशी मारायचंच औषध फवारलेलं असतं, हे उभ्या हायडेलबर्गात हिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण देवाची फुलं म्हटल्यावर हिची अक्कल शेण खायला गेली.

तिने तळाशी उरलेला पांढरा तुकडा कापून स्वच्छ पेटीत ठेवला, त्यावर राणीला अलगद सोडलं, ताजी पानं घातली. दुसरीकडची बुरशी आणली तर तुलनाच बिघडणार होती. पहिली पेटी तर आधीच मेली होती. हा तुकडा जगायलाच हवा होता. ती जेवली नाही, जागची हलली नाही. काचेला कपाळ टेकून नास्तिक मैथिली चक्क देवाला विनवत राहिली.

संध्याकाळपर्यंत तो तुकडाही राखाडी झाला. मुंग्या त्याचे कण उचलून बाहेर टाकू लागल्या. राणी मधोमध तशीच बसून होती आणि दासी तिला चाटत होत्या. त्यांना भरवायला काही उरलं नव्हतं. मैथिलीला रडू आवरेना.

तेवढ्यात फोन वाजला.

"मैथिली, आज गुलाब छान टवटवीत मिळालेत," सासरे म्हणाले. "उद्या नेशील ना? कालची फुलं घेतली का गं त्यांनी?"

खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "सगळी घेतली. एक पाकळीसुद्धा टाकली नाही."