गोठ्यातलं खानदानी हत्यार

मी बोलतेय. लोखंडाची, अर्ध्या चंद्राच्या आकाराची, पाच काट्यांची. ओळखलंत? नाही ना? हरकत नाही. मला पाहायला आलेल्या पुण्यातल्या दोन जाणकारांनाही ओळखता आलं नव्हतं, आणि ते तर भाकरवडी खाऊन गेले.

माझा जन्म येरवड्याचा. भुवया उंचावू नका, तुरुंगात नव्हे. कादर लोहाराच्या भात्यापुढे. पानशेतचं धरण फुटलं त्याच्या आदल्या वर्षी. विश्रांतवाडीच्या गेनबांच्या गाईचं वासरू वर्षाचं झालं तरी आचळ सोडेना.

"कादरभाई, कायतरी करा," गेनबा म्हणाले, "माझी पोरं कोरा चहा पित्यात आन् वासरू ढेकर देतंय."

कादरनं मला ठोकून दिलं. काम साधं. मला वासराच्या नाकावर म्होरकीच्या दोरीला बांधायचं, काटे बाहेर. ते प्यायला गेलं की गाईला टोचायचं आणि गाय लाथ मारायची. आठ दिवसांत वासरू कडबा खायला लागलं. माझा सगळा पराक्रम एवढाच.

पुढे गाई गेल्या, शेतात इमारती उगवल्या, मी पत्र्याच्या पेटीत गंजत पडले. मग गेनबांचा नातू संभाजी चौथ्या मजल्यावर राहायला गेला आणि सामान हलवताना त्याला मी सापडले.

पुण्यात गंजलेलं लोखंड सापडलं की त्याला आधी घराणं चिकटतं, मग काच. संभाजीनं मला काचेत बसवून खाली पाटी लावली : 'खापरपणजोबांचं लढाईतलं हत्यार'. खंडेनवमीला मला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. आजवर नुसत्या गाईच्या लाथा खाल्ल्या होत्या, म्हणून मी हार मिरवून घेतला.

अशात संभाजीच्या मुलीचं, प्रेमलाचं लग्न निघालं. मुलगा श्यामसुंदर, तिनंच पसंत केलेला. पण त्याच्या घरी शेवटचा शब्द त्याच्या आजीचा, मुक्ताबाईंचा. लोहगावच्या. त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला. संभाजीनं मध्यस्थाकडून आधीच कळवून ठेवलं होतं, की आमच्याकडे लढाईतलं हत्यार आहे.

पाहुणे आले. मुक्ताबाईंनी पोह्यांआधी मलाच मागितलं. उलटीसुलटी करून पाहिली.

"हे बांधायचं कुठं वो?"

"मुठीवर!" संभाजीनं मला मुठीवर धरून हात उगारला.

"आन् ही दोन भोकं?"

"पट्ट्याची. घोड्यावरून वार करताना पडू नये म्हणून."

"असं व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या. "म्हंजे आमच्या कपिला गायीचं वासरू घोड्यावर बसायचं म्हणा की. आमच्या गोठ्यात अशा दोन व्हत्या. वासरू दुधावरनं तोडायच्या."

संभाजीचा हात तसाच वर राहिला. प्रेमलानं हातातला ट्रे खाली ठेवला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हात खाली घ्या."

मग ती मुक्ताबाईंपुढे उभी राहिली. "आजी, लढाईबिढाई काही नाही. आम्ही गाईवाली माणसं. चालत असेल तर हो म्हणा. नसेल तर निदान पोहे खाऊन जा, मी केलेत."

मुक्ताबाईंनी पोहे खाल्ले. सावकाश. शेवटचा शेंगदाणासुद्धा ठेवला नाही. मग श्यामसुंदरकडे पाहिलं. त्याची आई शेजारी बसून त्याच्या पोह्यांतल्या मिरच्या वेचत होती.

"पोरगी पसंत हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "खरं बोलती. पर माझी एक अट हाय. ही पट्टी रुखवतात पायजे. बत्तीस वर्सांचा झाला, अजून आईनं मिरच्या वेचल्याबिगर घास उतरत न्हाई. वासरू कधी तोडायचं?"

रुखवतात मी मधोमध होते, लोकरीचा ससा आणि साखरेचा ताजमहाल यांच्या बरोबर मध्ये. सगळ्यात जास्त फोटो माझे निघाले.

आता मी प्रेमला-श्यामसुंदरच्या स्वयंपाकघरात खिळ्यावर असते. माझी विनंती एवढीच : महिन्यातून एकदा तेलाचं बोट लावा आणि पाटीबिटी लावू नका. काम चालू आहे. रोज जेवणाच्या वेळी सासूबाईंचा फोन येतो, "शामू, भाजी तिखट नाही ना रे?" प्रेमला नुसती माझ्याकडे बघते.

काल तो म्हणाला, "आई, जेवून करतो फोन." आणि अख्खी मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या, पण गिळली.