माझ्या अब्रूची भिंत

बाअहमदच्या खानावळीवर काचेचा मजला चढला आणि गावात गहजब झाला, त्याची सुरुवात मी केली. मला कुणी विचारलेलं नाही. तरी सांगते, कारण ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

मी सेत्ती. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. गालिचे विणते, त्यावर घर चालतं. घरात मी आणि माझी एकुलती एक मेन्ना, एकोणीस वर्षांची. घराच्या दक्षिणेला, भिंतीला भिंत लागून, बाअहमदची खानावळ. त्याच्या बापाच्या वेळेपासून तिथे कुसकुस आणि मटणाचा रस्सा मिळतो. माणूस वाईट नाही. बोलतो भरभर, ऐकतो कमी, एवढंच.

मेन्नाची हाडं मऊ पडली आहेत. हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणापासून तिच्या पोटात काही टिकत नाही, ना भाकरी, ना औषध. सुया टोचून पाहिल्या, अंगावर उठल्या. शेवटी शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला रोज भर दुपारी तासभर उन्हात बसवा, हात-पाय उघडे टाकून. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. एक हिवाळा जरी चुकवलात, तर कमरेचं हाड चिरेल. मग चालणं विसरा."

मागचा सगळा हिवाळा आम्ही दोघी गच्चीवर बसलो. आमच्या गच्चीवर बायकांचंच राज्य, तिथे पुरुषाची नजर पोचत नाही. मी विणायची, मेन्ना पाय पसरून बसायची. खाली उतरताना भिंत धरायची गरज राहिली नाही तेव्हा मी मिठाई वाटली, आणि कशाची ते कुणाला सांगितलं नाही. कारण तिची सोयरीक जमली होती. सफियाचा मुलगा. चांगलं घर. वसंतात गावातली सगळी लग्नं एकाच आठवड्यात लागतात, त्यात मेन्नाचंही ठरलं होतं. मऊ हाडांची सून कोण करून घेतं? मी तोंडाला कुलूप लावलं.

उन्हाळ्यात बाअहमदनं बांधायला काढलं. खाली जुनी खानावळ, वर दोन मजल्यांच्या उंचीचं काचेचं दालन, त्याच्यावर मोकळी गच्ची, खुर्च्या-छत्र्यांसकट. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, सावली भिंतीच्या पायाशी आखडून बसते. मला काय कळणार? मी तर गवंड्यांना ताक पाठवलं! थंडी पडली, सूर्य खाली उतरला, आणि एक दिवस आम्ही वर गेलो तर अख्खी गच्ची त्या हिरव्या काचेच्या सावलीत. दुपारच्या ऐन वेळी. मेन्ना मधोमध उभी राहून इकडेतिकडे बघत होती.

"आई, कुठे बसू?"

मी तिला हात धरून खाली आणलं.

आता आमच्या गावात घर बांधायचा एक नियम सगळ्यांच्या वरचा आहे. शेजाऱ्याचं ऊन अडवायचं नाही. नुसतं बोलले असते तरी गावाचे निवाडे करणाऱ्या मशिदीतल्या वडीलधाऱ्यांनी पाहणीला माणसं पाठवली असती. पण आधी बायका आल्या असत्या गच्ची बघायला. ऊन कुणाला हवं, कशाला हवं, एवढ्या थंडीत वर करता काय, सगळं विचारलं असतं. मेन्ना, जरा चालून दाखव गं, म्हणाल्या असत्या. दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर बसायला जावं तरी तोच प्रश्न. म्हणून मी शहाणपणा केला. जळलं माझं शहाणपण!

मी लाल्ला खदूजकडे गेले. गावातल्या बायकांची प्रेतं ती धुते, आणि बायकांची गाऱ्हाणी वडीलधाऱ्यांपर्यंत तीच पोचवते. तिला म्हटलं, "त्या काचेतून गिऱ्हाइकं आमच्या गच्चीवर बघतात. दोन एकट्या बायका आम्ही. कपडे वाळत घालायची चोरी झाली."

खोटं नव्हतं ते. बघायचेच. पण खरं दुखणं ते नव्हतं. मला वाटलं, काच वाईट ठरली की मजलाच उतरवतील.

मग काय, गावाला निमित्तच हवं होतं! त्या इमारतीवर सगळे आधीच खार खाऊन होते. भोवती चुन्याची साधी घरं आणि मधे ते हिरवं, चकचकीत, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं. कुणी म्हणे अत्तराची बाटली, कुणी म्हणे विमानतळ उचलून आणलाय. पोरांनी फोनवर फोटो फिरवले. ते बघून परगावी दुकानं असलेले आमचे लोक तिकडून शिव्या घालू लागले. खानावळ ओस पडली. बाअहमद दारात उभा राहून सलाम करायचा, लोक न बघता पुढे जायचे. आणि प्रत्येकाच्या तोंडी माझं नाव. "बिचाऱ्या सेत्तीच्या अब्रूचा प्रश्न आहे!" ज्यांनी अकरा वर्षांत कधी दार वाजवलं नाही, ते मला धीर द्यायला येत होते. मी मान हलवायची आणि मनात दिवस मोजायची. वीस दिवस झाले ऊन नाही. सव्वीस दिवस झाले.

तिसाव्या दिवशी निकाल लागला. बाअहमदनं काच काढावी. त्या जागी आपल्या रीतीची दगड-चुन्याची भिंत घालावी, खिडकीशिवाय. आणि वरच्या गच्चीवरूनही सेत्तीच्या घरात नजर जाऊ नये, म्हणून भिंत आणखी पुरुषभर उंच न्यावी.

बाअहमदनं काच उतरवली. गाव मदतीला धावलं. रांगेनं दगड दिले, चुना कालवला. नऊ दिवसांत भिंत उभी. काय सुंदर झाली म्हणून सांगू! लोक परत जेवायला येऊ लागले, भिंतीसमोर उभं राहून फोटो काढू लागले. "आता कसं आपल्या गावातलं वाटतं!" विहीणबाई सफिया खजुराची परडी घेऊन आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "विहीणबाई, अब्रूसाठी अशी उभी राहणारी आई असल्यावर मुलीत काय बघायचं राहिलं?"

त्या वेळी मेन्ना आतल्या खोलीत भिंतीला धरून उभी होती. पुन्हा धरून चालायला लागली होती.

त्याच संध्याकाळी तिला उठताना कळ आली आणि ती ओरडली. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या चिडल्याच. "मी काय सांगितलं होतं? अजून चीर नसेल तर नशीब समजा. उद्यापासून ऊन. एक दिवस वाया घालवू नका."

मी बाहेर जायची पांढरी चादर अंगावर ओढली आणि धावत लाल्ला खदूजकडे गेले. तिच्या पायाशी बसून सगळं ओकले.

"अगं बये, तू उन्हाचं बोलली असतीस, तर तो मजला चार दिवसांत खाली आला असता!"

"आता सांगते ना. सगळ्यांसमोर सांगते."

"आता? तुझ्या नावानं निकाल झाला, गावानं हातानं दगड लावले. त्या माणसानं एकदा ऐकलं, निमूट ऐकलं. आता कुठल्या तोंडानं म्हणायचं की पाड? मी शब्द टाकते. पण बैठक बसायची, पाहणी व्हायची... वसंत उजाडेल, सेत्ती."

"वसंतात ऊन आपोआप येतं, लाल्ला! मला आज हवंय!"

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला असता तर सोसलं असतं. मी तो लेकीच्या पायावर मारला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरात बसलो होतो. बाहेर लख्ख ऊन. आमच्या अंगणात दिवा लावावा असा अंधार. भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज, माणसांचं हसणं. मी मेन्नाला म्हटलं, "बाळा, एकच जागा उरलीय."

तिला कळलं. "तिथे सगळे असतील, आई."

"असतील."

"लग्न मोडेल."

"मोडेल बहुतेक. तुझ्यावर जबरदस्ती नाही. तू नको म्हटलंस तर इथेच बसू."

तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. मग दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले. "उचल."

तिला पाठीवर घेऊन मी गल्लीतून निघाले. एकोणीस वर्षांची मुलगी, आणि वजन दहा वर्षांच्या पोरीएवढं. खानावळीचा जिना रुंद होता. पहिल्या मजल्यावर चमचे थांबले. वर गच्चीवर पोचले, आणि ऊन, देवा, ते ऊन! सगळं तिथेच सांडून ठेवलेलं. आठ-दहा टेबलं भरलेली. कोपऱ्यातल्या टेबलाशी सफिया, तिच्या बहिणी, परगावचे पाहुणे. नवी भिंत दाखवायला आणलं असावं.

मी मेन्नाला मोकळ्या खुर्चीवर बसवलं. तिनं स्वतःच बाह्या दंडापर्यंत सारल्या. झगा गुडघ्यावर ओढून घेतला. नडग्या वाकलेल्या होत्या, आता सगळ्यांना दिसत होत्या. तिनं डोळे मिटून घेतले, पण हात झाकले नाहीत.

कुणीतरी पुटपुटलं, "ही तर तीच सेत्ती." सफिया उठून उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही, मेन्नाच्या पायांकडे पाहिलं. मग बहिणींना म्हणाली, "चला." एकेक करून सगळे जिन्यानं उतरू लागले.

बाअहमद धापा टाकत वर आला. "काकू, हे काय? ज्या नजरा नकोत म्हणून तुम्ही माझ्याकडून भिंत घालून घेतलीत..."

"मला ऊन हवं होतं रे," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. ऊन मागायचं होतं, ते मागायची लाज वाटली मला."

तो मेन्नाकडे बघत राहिला, मग त्या उंच भिंतीकडे.

"किती वेळ बसायचं असतं?" त्यानं विचारलं.

"तासभर," मेन्ना म्हणाली. डोळे तसेच मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं. "रोज."