नव्या पेट्रोलवर घटांगचा चढ

मित्रांनो, परतवाड्याहून एसटीने धारणीकडे निघालात, तर घाटात तुमच्या बसच्या मागून सावकाश चढणारी एक निळी पिकअप गाडी कधीतरी दिसेल. ती मी. एक जुनी, पेट्रोलवर चालणारी, मागचा एक दिवा फुटलेली गाडी.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग मोरपंखासारखा चमकत होता. अचलपूरच्या जानरावांनी मला घेतलं. त्यांचा धंदा मत्स्यबीजाचा. अमरावतीजवळच्या केंद्रातून बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आणायच्या आणि गावोगावच्या तलावांत सोडायच्या. पाणी आणि ऑक्सिजन भरून फुगवलेल्या पिशव्या माझ्या पाठीवर असत. त्यांत चंदेरी ठिपके वळवळत. मला धक्के द्यायची मुभा नव्हती. बोटुकल्या जिवंत पोचल्या की जानराव माझ्या बॉनेटवर थाप मारत आणि म्हणत, "शाब्बास वं बाई!" दसऱ्याला पहिला हार माझ्या गळ्यात पडे. माझे ते दिवस फार मानाचे होते.

पुढे जानरावांचे गुडघे गेले. क्लच दाबवेना. अर्धी भरलेली टाकी घेऊन मी कडुलिंबाखाली उभी राहिले ती वर्षभर. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. त्याआधीच पंपावरचं पेट्रोलही बदललं होतं. उसापासून, मक्यापासून केलेलं इथेनॉल आता त्यात पाचवा हिस्सा असतं. माझ्या टाकीत तेच होतं, पण माझ्या पोटातल्या रबरी नळ्या मात्र जुन्या जमान्याच्या.

मग जानरावांच्या लेकीने, चंदाने, ठरवलं की धंदा आपण चालवायचा. धारणीकडच्या एका गावात आशाबाईंच्या बचत गटाने तलाव ठेक्याने घेतला होता. चंदाची ही पहिलीच खेप. तिने कोंबड्या हाकलल्या, मला धुतलं, बॅटरी बदलली, जुन्या पेट्रोलावर नवं ओतलं. पिशव्या पाठीवर चढल्या, बोटुकल्या न्यायला आलेल्या आशाबाई शेजारी बसल्या आणि आम्ही निघालो.

घटांगच्या चढावर माझा श्वास अडकला. एक आचका, दोन आचके, आणि मी बंद पडले. चंदाने किल्ली फिरवून फिरवून पाहिली. पावसाने उघडीप दिली होती, ऊन चांगलंच तापलं होतं. पिशव्यांतलं पाणी कोमट होऊ लागलं, तशी बोटुकल्यांची वळवळ मंदावली. चंदाने ओढणी ओली करून पिशव्यांवर टाकली.

"माय वं, मरतीन आता सारी," आशाबाई म्हणाल्या. "गटातल्या बाया काय म्हनतीन मले?"

तेवढ्यात धारणीची एसटी आली. चंदा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कंडक्टर ओरडला, "काहून वं, मराचं हाये का?"

"मले नाई, पन ह्या मरून राह्यल्या ना, दादा!" चंदाने पिशवी उंच धरून दाखवली.

कंडक्टरने पाहिलं. मग आत वळून म्हणाला, "मांड्या रिकाम्या करा बरं सारे!"

आणि मित्रांनो, मी ते डोळ्यांनी पाहिलं. म्हाताऱ्यांनी, शाळेच्या पोरींनी, फेटेवाल्या पाटलाने एकेक पिशवी मांडीवर घेतली, तान्ह्या लेकरासारखी. आशाबाईंसह बस निघून गेली. बोटुकल्या तलावात पोचल्या. मी मात्र दोराने ओढली जात परतवाड्याला आले.

"म्या म्हनलं होतं," जानराव तणतणले. "ह्या नव्या पेट्रोलनं इंजिन खाल्लं. दे भंगारात."

तिथले मेकॅनिक कुर्बानचाचा यांनी माझी पेट्रोलची नळी काढली. ती फुगून लिबलिबीत झाली होती. टाकीच्या तळाशी पाणी आणि गंजाचा चिखल. तो फिल्टरमध्ये जाऊन बसला होता.

"चाचा, पेट्रोलचा कसूर हाये का?" चंदाने विचारलं.

"हाये बी आन नाई बी. हे इथेनॉल पानी ओढते. गाडी वापरात असली तं चालून जाते, वर्षभर उभी ठेवली तं असा चिखल होते. आन ह्या जुन्या रबराले ते सोसत नाई. इंजिन तं मले धडधाकट दिसून राह्यलं."

"मंग पाइप नवे टाका. ह्या पेट्रोलले चालनारे. टाकी धुवा. भंगारात नाई द्याची."

जानरावांना पटलं नाही. त्यांनी अमरावतीहून बिनइथेनॉलचं महागडं पेट्रोल कॅनमध्ये मागवलं आणि बजावलं, "हेच टाकजो." दुसऱ्या खेपेला ते स्वतः शेजारी बसले, काठी गुडघ्यांत धरून. घटांगचा चढ आला. मी आचक्याची वाट पाहू लागले. पण नव्या नळ्यांतून पेट्रोल झुळझुळ आलं आणि मी एका दमात वर गेले.

जानरावांचा चेहरा उजळला. "पाह्य! अस्सल पेट्रोल म्हंतात याले! कशी चढून राह्यली, पाह्य!"

"बाबा," चंदा समोर बघत म्हणाली, "तुमचा कॅन घरीच हाये. हे पंपावरचंच हाये."

जानरावांनी वाकून पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं. मग जानराव म्हणाले, "एव्हरेज कमी देत असन."

"देते थोडं कमी. ते खरं हाये."

"मंग त्या कॅनचं काय करू आता?"

"कुर्बानचाचाले द्या, पाने-पकडी धुवाले."

जानराव इतके हसले की त्यांची काठी खाली पडली.

त्या दिवशी तलावाकाठी गटातल्या साऱ्या बाया जमल्या होत्या. चंदाने पिशव्या आधी पाण्यावर तरंगू दिल्या, कारण नव्या पाण्याचा एकदम झटका बोटुकल्यांना सोसत नाही. मग एकेकीचं तोंड सोडलं. जानरावांनी सावलीत उभ्या असलेल्या मला हाताने पुसलं आणि पुटपुटले, "तुले काढून टाकत होतो मी."

मित्रांनो, मी काही फार शहाणी नाही. पण एवढं सांगते. घरातल्या यंत्राला वर्षभर कोपऱ्यात विसरू नका. जग बदललं आणि जुनं अडखळलं, तर आधी त्याच्या नळ्या तपासा, मग भंगाराचा विचार करा. आता येते. चंदाने किल्ली फिरवली आहे, आणि पाठीवर बोटुकल्या जाग्या आहेत.