सत्तावीस वर्षं खिडकीकडे

पायपुसणं समजून माझ्यावर चपला ठेवू नका, मित्रांनो. मी एक जुना मुसल्ला आहे. नमाज पढताना खाली अंथरतात ती छोटी सतरंजी म्हणजे मुसल्ला. माझ्या एका टोकाला कमान विणलेली आहे. ती कमान किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काब्याच्या दिशेला करायची, एवढंच माझं काम. सोपं वाटतं ना? तिथेच मी माती खाल्ली.

मला एका म्हाताऱ्या विणकराने विणलं आणि एका घड्याळजींनी विकत घेतलं. नवं लग्न झालेलं होतं. बायकोला घेऊन ते एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. खोलीला एकच खिडकी होती, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. ऊन कधी आत आलंच नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी खालच्या दुकानदाराला किब्ला विचारला आणि त्याने हात करून दाखवला. ती दिशा मनात घट्ट धरून घड्याळजी गोल गोल जिना चढले. वर येईपर्यंत दिशा एका भिंतीने सरकली होती! त्यांनी मला खिडकीकडे तोंड करून अंथरलं. खरा किब्ला कपाटाच्या बाजूला होता.

इतर नमाजा ते आपल्या दुकानाजवळच्या मशिदीत पढत. पहाटेची आणि रात्रीची मात्र माझ्यावर. आधी हात, तोंड, पाय धुऊन वुजू करायचे, मगच पाऊल ठेवायचे. असा निर्मळ पाय रोज अंगावर पडणं हे भाग्य किती सतरंज्यांना मिळतं, सांगा बरं.

पुढे मुलगी झाली. ती बोलायला लागल्यावर नमाज संपली की ते तिला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत. चौदाशे वर्षांपूर्वी मक्केत पैगंबर मुहंमद होऊन गेले. लहानपणीच पोरके झाले, पण सचोटीने व्यापार केला. एकदा डोंगरातल्या गुहेत ते एकटे बसले असताना जिब्रील फरिश्ता आला आणि म्हणाला, "वाच!" ते थरथरत घरी आले. बायकोने त्यांना पांघरुणात गुंडाळलं, धीर दिला, आणि सगळ्यांत आधी विश्वास ठेवला तोही तिनेच. पांघरुणाचा उल्लेख आला की मी उगाच ताठ व्हायचो. आपल्या जातभाईचं कौतुक कुणाला नसतं?

मग घड्याळजी मुलीची पाच बोटं एकेक करून मिटायचे. अल्लाह एकच आहे आणि मुहंमद त्याचे प्रेषित आहेत, ही साक्ष. पाच वेळची नमाज. रमजानचे रोजे. गरजूंना द्यायची जकात. शेवटचं बोट हजचं. ते मिटताना दरवेळी म्हणायचे, "हे माझं राहिलंय गं."

ते राहूनच गेलं. आजाराने त्यांना अंथरुणाला खिळवलं. त्यांनी पलंग खिडकीकडे वळवून घेतला आणि पडल्या पडल्या, नुसत्या खुणांनी नमाज पढू लागले. मी घडी होऊन उशाशी पडून असे. एका दुपारी ते गेले.

त्यानंतर त्यांची बायको माझ्यावर नमाज पढू लागली. मुलगी सासरहून आली, दोन दिवस बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी तिने आईपुढे फोन धरला. त्यात किब्ला दाखवणारा काटा होता.

"अम्मी, किब्ला इकडे नाही. कपाटाकडे आहे."

आईने फोन हातात घेऊन काटा पाहिला. "म्हणजे त्यांची सत्तावीस वर्षं वाया गेली?"

तिने मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. मी धूळ खात पडलो. खाली ती जेवेना, धड बोलेना. जुनी चादर अंथरून कपाटाकडे तोंड करून नमाज पढे आणि रडे. माझ्यावर कुणी कधी रागावलं नव्हतं, मित्रांनो. तो राग मला सहन झाला नाही.

शेवटी मुलीने मशिदीतल्या म्हाताऱ्या इमामसाहेबांना बोलावलं. ते गुडघे धरत तीन मजले चढून आले. आधी पाणी प्यायले, मग विचारलं, "त्यांनी दिशा कुणाला विचारली होती?"

"खालच्या दुकानदाराला."

"मग झालं तर. शोधूनही दिशा चुकली, तरी ती नमाज मान्य होते." मग त्यांनी सांगितलं, "पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले, तेव्हा सोळा-सतरा महिने सगळे जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. मग काब्याकडे वळायचा हुकूम आला. लोकांना घोर लागला, जे त्याआधीच वारले त्यांच्या नमाजांचं काय? तेव्हा कुराणात उत्तर उतरलं, की अल्लाह तुमची श्रद्धा वाया जाऊ देणार नाही. हा घोर लागलेल्या तुम्ही काही पहिल्या नाही, बाई. आणि मीही एकदा याच खोलीत नमाज पढलोय. माझीसुद्धा एक खिडकीतच गेली की!"

कितीतरी दिवसांनी ती हसली. ते पाहून मुलीचा मात्र बांध फुटला.

"अम्मी, मला आधीच माहीत होतं. अब्बांचा पलंग मीच वळवला ना, त्याच दिवशी फोनवर बघितलं होतं. ते इतके आजारी, त्यांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले."



"वाटलं असतं गं वाईट," आई हळूच म्हणाली. "दोन दिवस वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पलंग फिरवायला लावला असता. मक्केला जाता आलं नाही, निदान एक नमाज तरी तिकडे तोंड करून पढले असते."

तिने मला माळ्यावरून काढलं, झटकलं आणि कपाटाकडे कमान करून अंथरलं. त्यांचं कपाळ टेकून टेकून माझी वीण जिथे विरली आहे, तिथेच तिचं कपाळ टेकलं. तिथे मी बराच वेळ ओला होतो.

आता माझे धागे सुटत चालले आहेत. मला जपा असं सांगायचा हक्कही मला उरलेला नाही. एवढंच सांगतो, मित्रांनो. आपल्या माणसाची चूक दिसली, तर तो ऐकायला आहे तोवर जवळ बसून हळू सांगा. त्याला वाईट वाटेल म्हणून थांबू नका. घड्याळजींना अल्लाहने माफ केलं असेल. पण त्यांना वळायची संधी आम्ही कुणीच दिली नाही.