खोक्यावरचा डुक्कर

दत्तोपंतांनी शेगडीतला विझका कोळसा उचलला आणि उभ्या केलेल्या फ्रिजच्या खोक्यावर पहिली रेघ ओढली.

जासिमची कोरी रायफल मेजावर चादरीवर पडली होती. तुर्कस्तानात त्याच्या मेहुण्याच्या मक्यात रानडुकरांनी धुडगूस घातला होता. तिकडे निघण्याआधी इथं आखातात, समैस्माजवळच्या आपल्या शेतावर त्याला नेम तपासायचा होता. आणि रास लफानच्या ऑफिसात, चहाच्या भरात, कौशिक आपल्या या साहेबाला सांगून बसला होता की, वडील देवरुखकडचे, डुकराचे शिकारी.

आता त्यालाच घाम फुटला होता. बाबांच्या गोष्टीतला तो डुक्कर दर दिवाळीला अंगानं भरत गेला होता. यंदा तर तो रेड्याएवढा झाला आणि तरी एकाच गोळीत आडवा पडला. इथं पितळ उघडं पडलं तर रविवारी ऑफिस उघडल्यावर तोंड दाखवायची सोय नव्हती.

"बाबा, नुसता गोल काढा. नेमाला तेवढा पुरे."

"गोल पुऱ्या लाटणाऱ्यानं काढावा. तुझ्या साहेबाला डुक्कर मारायचाय ना?"

खोक्यावर कणा उठला. त्यावर राठ केस. कोळसा बोटानं पसरून दत्तोपंतांनी अंगावर चिखल थापला. एक सुळा अख्खा, दुसरा टोकाशी मोडलेला. डावा कान मधोमध फाटलेला. डोळ्यासाठी ते गुडघ्यांवर बसले. बारीक, ओला, सरळ बघणारा डोळा. पापणीला चिकटलेली गवताची काडी.

जासिम पुढं आला आणि दोन पावलं मागं सरला.

"माशाल्ला," तो हळूच म्हणाला.

लसूणघासावरचे फवारे तेवढे फिरत होते. कौशिक त्या काडीकडे बघत राहिला. ती दिसायला हातभर अंतर हवं. आणि हातभर अंतरावर बंदूक उचलता येत नाही.

"अंकल, गोली किधर लगी थी? मैं भी वहीं मारूँगा."

दत्तोपंतांचा हात खांद्यापाशी गेला. तिथून मानेकडे, मग छातीकडे. कोळसा कुठंच टेकेना.

कौशिकनं फळांच्या थाळीतली सुरी घेतली. खोक्याच्या कडा चिरून डुकराची बाजू अलगद सुटी केली, उरलेल्या पुठ्ठ्यावर एक वेडावाकडा गोल काढला.

"सर, इधर मारिए. वो मैं घर ले जाता हूँ."

जासिमनं बापलेकांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"यल्ला," म्हणत त्यानं रायफल खांद्याला लावली.

बार झाला तसे दत्तोपंत दचकले आणि त्यांनी लेकाचा दंड धरला. पुढच्या चारही बारांना तो सुटला नाही.

परतताना डुक्कर मागच्या सीटवर आडवा होता. अल गराफाच्या सिग्नलला कौशिकनं विचारलं,

"बराच वेळ होता का तो समोर?"

दत्तोपंत काचेबाहेर बघत होते. काळी बोटं त्यांनी गालाला लावली.

"त्याचा श्वास लागत होता रे इथं," ते म्हणाले. "मग वळला, आणि गेला."