ज्याचा सांधा, त्याचा खटका

काकांच्या हाताखाली काम शिकायचं तर दोन नियम पाळावे लागत. ज्यानं सांधा मारला त्यानंच खटका ओढायचा. चूक झाली तर झटकाही त्यालाच. आणि खटक्याआधी मीटर लावायचाच, मग काल का लावलेला असेना.

टिटवीला दोन्ही नियम तोंडपाठ होते. हे नावही काकांनीच ठेवलेलं, कारण पोरगी एकदा सुरू झाली की थांबायची नाही. त्या सकाळी मात्र ती गच्चीवर गप्प उभी होती. वादळात गेलेली वीज अजून आली नव्हती. खाली आत्या नाकाला नळी लावून उशांना टेकली होती. तिचं ऑक्सिजनचं यंत्र रात्रभर बॅटरीवर चाललं, आणि आता इन्व्हर्टर टीं टीं करून बजावू लागला होता. बॅटरी बसली की यंत्र बसणार. त्यापुढचं घरात कुणी बोलत नव्हतं.

चार सौर पॅनेल कालच बसवली होती, एकामागोमाग एक जोडून. सांधे सगळे टिटवीचे, कारण आजारपणापासून काकांचा हात थरथरायचा. भर दुपारी मीटरनं शहाण्णव व्होल्ट दाखवले. पॅनेल आणि बॅटरीच्या मधल्या चार्ज कंट्रोलरवर छापलं होतं, कमाल शंभर. "बसलं की नाही चपखल!" काका खूश झाले होते. बाकीची जोडणी होईतो ऊन उतरलं, म्हणून खटका सकाळवर राहिला.

आता थंडी मी म्हणत होती. पॅनेलवर दव होतं, त्यावर नुकतं ऊन आलं होतं. टिटवीनं मीटरची टोकं टेकवली.

एकशे सात.

"काका, जास्त दाखवतोय."

"मीटरचा सेल उतरला असेल. ओढ खटका."

"काल याच मीटरचं ऐकलंत ना? काल गोड आणि आज कडू?"

"टिटवे, खाली माझी बहीण आहे!"

"माझी आत्याही तीच आहे." तिनं पॅनेलवर तळवा ठेवला. "काल पॅनेल तव्यासारखी तापली होती. आज गार पडलीत. गार पॅनेल जास्त व्होल्ट देतं, कंट्रोलरच्या माहितीपत्रकात आहे तसं. आपण दुपार मोजली आणि सकाळ विसरलो. हा कंट्रोलर जळला, तर दुसरा आहे आपल्याकडे?"

काकांनी मीटरवरचा आकडा पुन्हा वाचला. जन्मभर त्यांनी घरांच्या भिंतींतून तारा ओढल्या होत्या. तिथे थंडी-उन्हाचा हिशोब कधी लागलाच नव्हता.

"दोन-दोनच्या जोड्या करू," टिटवी म्हणाली. "व्होल्ट निम्मे होतील."

"वेळ जाईल."

"जाईल."

जिन्यातून आत्याचा आवाज आला, तुटक तुटक. "भांडण... आटपा. तोवर... मी थांबते." मग हसू, आणि हसण्याच्या मागोमाग खोकला.

काकांनी वळकटीतली जाड चादर ओढून पॅनेलवर अंथरली. टिटवीनं सांधे सोडवले, नव्यानं जोडले. खालचं टीं टीं जलद होऊ लागलं. शेवटचा कनेक्टर काही केल्या बसेना. तिची बोटं गारठून लाकूड झाली होती. काकांनी तो तिच्या हातातून घेतला, दोन्ही तळव्यांत धरून छातीशी दाबला. टक्.

चादर काढली. मीटर लावला. त्रेपन्न.

"ओढ," काका म्हणाले.

"शेवटचा सांधा तुमचा आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आजारपणापासून त्यांनी एकही खटका ओढला नव्हता, हे टिटवीच्या तेव्हा लक्षात आलं. थरथरता हात खटक्यावर गेला, क्षणभर तिथेच राहिला. मग खटक्यासकट खाली आला.

कंट्रोलरचा हिरवा दिवा लागला. खालचं टीं टीं तरीही चालूच होतं. मग ते थांबलं. दोघं जिन्याच्या तोंडाशी कान देऊन उभे राहिले. यंत्राची घरघर ऐकू येईपर्यंत कुणी श्वास सोडला नाही.

"अगं," खालून आत्या म्हणाली, "टिटवी... गप्प का? घाबरवू नका मला."