बिनगाठीचा आजार

मित्रांनो, मी एक जुना पकड्या आहे. शास्त्राच्या पुस्तकांत मला ई-कॅडहेरिन म्हणतात, पण ते नाव घेताना जीभ अडखळते, तेव्हा तुम्ही पकड्याच म्हणा. मी एक प्रथिन आहे. पेशीच्या काठावर माझी जागा. माझं एक टोक पेशीच्या आत घट्ट बांधलेलं, दुसरं बाहेर. शेजारच्या पेशीचा पकड्या समोरून येतो, आम्ही एकमेकांना धरतो आणि दोन्ही पेशी जागच्या जागी राहतात. आमच्यातला एकेक जण काही फार टिकत नाही. तो झिजला की त्याच्या जागी नवा येतो आणि जुन्याचं सगळं त्याला ठाऊक असतं. म्हणून मी स्वतःला जुना म्हणवतो.

माझा जन्म एका बाईच्या छातीत, दुधाच्या ग्रंथीत झाला. बाईचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. दिवसभर वाफ, स्टार्चचा वास आणि गिऱ्हाइकांच्या मळक्या कॉलरी. ती बोलायची ते छातीतून आम्हांला ऐकू यायचं. तिनं दोन लेकरांना अंगावर पाजलं तेव्हा ग्रंथी फुगली, ताणली, पण आम्ही एक पेशी हलू दिली नाही. कौतुक मात्र कोणी केलं नाही. दार नीट लागतंय तोवर बिजागरीला कोण विचारतो!

मग शेजारच्या पेशीत बिघाड झाला. पकडे कसे घडवायचे, हेच ती विसरली. एके दिवशी मी समोर पाहतो तर धरायला कोणीच नाही. शी! जन्मभर अंगाला अंग लावून राहिलेली शेजारीण, सरळ सुटून चालती झाली. आमच्यात रीत अशी की जागेवरून सुटलेल्या पेशीनं मरायचं. ही मेली नाही. वर तिनं स्वतःसारखीच पिलावळ काढली, सगळी बिनपकडीची. त्या एकीमागून एक, चोरपावलांनी मांसात घुसायच्या. त्यांना ना शेजार, ना लाज. मित्रांनो, उकिरड्यावरच्या अळ्यासुद्धा एका ढिगात वळवळतात. यांना तेवढंही नको होतं. मला त्यांची इतकी किळस यायची की काय सांगू!

बाईला अंघोळ करताना काहीतरी वेगळं लागलं. तिची नणंद रोज दुपारी दुकानात येऊन बसायची. बाई तिला म्हणाली, "वन्सं, इथं जरा घट्ट घट्ट लागतंय हो."

"गाठ आहे का?"

"गाठ नाही. नुसतंच जाड झाल्यासारखं."

"मग कशाला जिवाला घोर लावून घेतेस, वहिनी? माझी तर चांगली सुपारीएवढी होती, बोटानं हलायची. तीसुद्धा साधीच निघाली. तुझ्यात तर काहीच नाही. इस्त्री ओढून ओढून अंग भरून आलं असेल."

मी आतून बोंबललो. अहो, गाठ व्हायला पेशींनी एकमेकींना धरावं लागतं! ज्यांनी धरणंच सोडलं त्यांची गाठ होणार कशी? पण माझं ऐकतंय कोण? नणंदेचा वहिनीवर जीव होता, हे मला कबूल आहे. पण अर्धवट माहितीचा केवढा तो तोरा! मला तिच्या त्या सुपारीचीही शिसारी आली. आणि बाईला तरी दुसरं काय ऐकायचं होतं? "बरं झालं तुम्हांला विचारलं," म्हणत तिनं पुढचा शर्ट ओढला.

असे कितीतरी महिने गेले. एका सकाळी तिला आरशात दिसलं की त्या बाजूची कातडी आत ओढली गेली आहे. त्या दिवशी ती कोणालाही न विचारता दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी सुई घालून मांसाचा बारीक तुकडा काढला. त्यात मी आलो आणि त्या निलाजऱ्याही आल्या. आधी आम्हांला नाक जाळणाऱ्या औषधात बुडवलं, मग मेणात बसवलं, मग पातळ कापून काचेवर चिकटवलं. ज्यांचं तोंड पाहू नये, त्यांच्याच शेजारी कायमचा मुक्काम! मग वरून एक रंग घातला. तो फक्त पकड्यांनाच लागतो.

बाईनं हट्टच धरला, मला ती काच दाखवा. नणंद सोबत होती. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"हा तपकिरी काठ दिसतोय? या चांगल्या पेशी, एकमेकींना धरून आहेत. आणि या बिनरंगाच्या, रांगेत सुट्या सुट्या दिसतात ना, तो कॅन्सर."

"पण डॉक्टर, गाठ नव्हती हो!" नणंद म्हणाली. "मी स्वतः विचारलं होतं तिला."

"या प्रकारात पुष्कळदा गाठ होतच नाही."

"मग तेव्हाच आलो असतो तर?"

"तेव्हा किती होतं, ते मला आज सांगता येणार नाही. बाकीच्या तपासण्यांत दिसलंय, आता तो मणक्यात पोचलाय. औषधांनी दाबून ठेवू, काही वर्षंसुद्धा. मुळासकट काढता मात्र येणार नाही."

नणंदेनं डोळा सूक्ष्मदर्शकावरून काढलाच नाही. वहिनीकडे बघायचं तिच्यानं होईना. शेवटी बाईच म्हणाली, "वन्सं, तुम्ही जा म्हणाला असतात, तरी मी गेले नसते."

ते खरं होतं की खोटं, मला ठाऊक नाही. मी तिच्या छातीत असतो तर कळलं असतं.

मित्रांनो, आता मी डबीत पडून असतो, त्या घाणेरड्यांच्या शेजारी. माझं एक ऐका. हाताला जाड लागलं, कातडी ओढल्यासारखी दिसली, तर गाठीची वाट पाहत बसू नका. आणि तुमच्या घरात कोणी "इथं काहीतरी वेगळं लागतंय" असं म्हणालं, तर आपलं मत देऊ नका. पायात चप्पल घाला आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.